पुनवेला पडणारी लिंक

शास्त्री नदीच्या खाडीवरून जाणारी आमची मायक्रोवेव्ह लिंक, म्हणजे दोन तीरांवरच्या अँटेनांमधून फोनचं बोलणं नेणारी रेडिओ जोडणी, भर दुपारी पडायची. वीसेक मिनिटं ठार बंद, मग आपोआप सुरू. रात्रीही तसंच. कार्ड बदललं, केबलचे जोड उघडून पुसले, पॉवर सप्लाय बदलला. काही उपयोग नाही. शेवटी जयगडकडच्या सड्यावरच मुक्काम टाकला. सोबत शेवटच्या वर्षाची दोन मुलं होती, इंटर्नशिपला आलेली.

लॉग मुलांनी वहीत उतरवला होता. सोमवारी 12:05, मंगळवारी 12:50, बुधवारी 1:35. मुलगी म्हणाली, "सर, रोज पाऊण तास पुढे सरकतेय."

राखणदार काका चहा गाळत होते. त्यांनी मान वर केली. "सोमवारी पुनव होती. ही भरतीची वेळ झाली. तिथीची पाऊणपट करा. आज दुज, म्हणजे दीड."

मी वही हातात घेऊन खाडीकडे बघत राहिलो. इतके दिवस मी फक्त यंत्रात शोधत होतो.

समोरच्या अँटेनाकडे एक किरण सरळ जातो, दुसरा पाण्यावर आपटून. 7 गिगाहर्ट्झला तरंगलांबी जेमतेम 4.3 सेंटिमीटर. पाणी मीटर-दोन मीटर चढलं की परावर्तित किरणाची वाट दोन-तीन सेंटिमीटरनी बदलते आणि एवढं पुरतं. उधाणाच्या भरतीला दोन्ही किरण नेमके उलट्या फेजमध्ये, एकाचा चढ तिथे दुसऱ्याचा उतार असे, भेटायचे आणि एकमेकांना खाऊन टाकायचे. ओहोटीला चिखल आणि खडक उघडे पडतात, तिथून किरण विखुरतो, म्हणून तेव्हा त्रास नव्हता.

मुलाचा प्रश्न मला फार आवडला: "मग पडण्याआधी आवाज खराब का होत नाही?"

मी नोकरीला लागलो तेव्हा ॲनालॉग कॅरिअर होतं, म्हणजे आवाजाची लहर आकडे न करता तशीच पाठवायची. सिग्नल उतरायला लागला की बोलण्यामागे खरखर वाढायची. कानालाच कळायचं, लिंक आजारी आहे. वाटेतला प्रत्येक ॲम्प्लिफायर बोलण्याबरोबर ती खरखरही मोठी करायचा. आता तोच आवाज, 300 ते 3400 हर्ट्झचा, सेकंदाला 8000 वेळा मोजतो, प्रत्येक माप 8 बिटांत लिहितो. झाले 64 किलोबिट. पलीकडच्या रिसीव्हरला आवाजाशी देणंघेणं नाही. आलेला बिट शून्य की एक, एवढंच तो ठरवतो. ते बरोबर ठरलं की खरखर तिथंच पुसली जाते, आणि थोडे चुकले तरी एरर करेक्शन सावरून घेतं. पण चुका त्याच्या आवाक्याबाहेर गेल्या की बोलणंच तुटतं. मधली पायरी जवळजवळ नसतेच.

म्हणून मुलांना मी आवाज सोडून रिसीव्ह लेव्हल, म्हणजे पोचणाऱ्या सिग्नलची ताकद, बघायला लावली. ती डीबीएममध्ये मोजतात, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण. उणे 42 डीबीएमवरून ती आधीपासूनच उतरत होती. फोनवर मात्र शेवटपर्यंत स्वच्छ बोलणं. मुलांना सिग्नलचे प्रश्न विचारताना मी आता या उतरत्या लेव्हलचाच आलेख फळ्यावर काढतो.

दोन्ही टोकांना दुसरी अँटेना बसवली, पहिलीच्या दोनेक मीटर खाली. वरच्या अँटेनावर किरण एकमेकांना मारतात तेव्हा खालच्या अँटेनावर ते एकमेकांना साथ देतात. पुढच्या पुनवेला आम्ही तिघं सड्यावर होतो. बाराला पाच कमी असताना वरच्या अँटेनाची लेव्हल उणे 80 च्या खाली गेली, खालची उणे 40 वर स्थिर. काका पलीकडच्या तीरावरच्या बहिणीशी फोनवर बोलत होते. त्यांचं बोलणं एकदाही तुटलं नाही.