प्राडोला यूएचएफ रेडिओ बसवताना

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या ‘हाय कंट्री’च्या डोंगरवाटांवर मोबाइलचा फारसा उपयोग नसतो. डार्गो हे गाव मागे पडलं की रेंज जाते, ती बहुतेक वेळा परतीच्या वाटेवरच भेटते. मधल्या वेळात पुढच्या गाडीशी, मागच्या गाडीशी आणि वळणाआडून येणाऱ्या अनोळखी गाडीशी बोलायचं साधन एकच, यूएचएफ (अल्ट्रा हाय फ्रिक्वेन्सी) रेडिओ. आम्ही जुनी टोयोटा प्राडो घेऊन इथल्या एका फोर-व्हील-ड्राइव्ह क्लबात नाव घातलं, तेव्हा सहलीच्या पत्रकात अटच होती: गाडीत चालता रेडिओ नसेल तर ताफ्यात येता येणार नाही. तिथून शोध सुरू झाला.

मेलबर्नमधली मराठी मंडळी हल्ली बरीच या नादाला लागली आहेत, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, “कुठला रेडिओ घेतलास?” हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे असं माझं ठाम मत झालंय. आधी विचारायला हवं ते अँटेनाबद्दल: कुठली, आणि गाडीवर नेमकी कुठे?

याचं कारण कायद्यातच आहे. ऑस्ट्रेलियात यूएचएफ सीबी (सिटिझन बँड, म्हणजे सर्वसामान्यांसाठीचा) रेडिओ वापरायला परीक्षा नाही, फी नाही, नाव नोंदवायची गरज नाही. ४७७ मेगाहर्ट्झच्या आसपास ८० चॅनेल सगळ्यांना खुले आहेत. मात्र ताकदीला मर्यादा आहे, ५ वॉट. दुकानातला सगळ्यात स्वस्त फिक्स्ड रेडिओ घ्या नाहीतर सगळ्यात महाग, दोघांचाही आवाज निघणार ५ वॉटनेच. महाग रेडिओत ऐकू येणारा आवाज स्वच्छ असतो, स्कॅनिंग चांगलं असतं, धूळ-पाण्यापासून बचाव जास्त असतो. त्याची किंमत आहेच. पण तुमचं बोलणं डोंगरापलीकडे पोचतं की नाही, हे ठरतं ते बाहेर उभ्या असलेल्या काठीवर, म्हणजे अँटेनावर.

हातातला वॉकीटॉकीही ५ वॉटचा मिळतो, मग तोच का नको, असं आमच्या घरातही विचारलं गेलं. हातातल्या रेडिओची अँटेना आखूड, आणि ती पत्र्याच्या डब्यात बसून बोलते. मोकळ्यावर जो आवाज काही किलोमीटर जातो, तो गाडीच्या आतून पुढच्या दोन-तीन वळणांपर्यंतही नीट जात नाही. तरी एक हँडहेल्ड जरूर ठेवा. अवघड दगडांवरून गाडी चढवताना खाली उतरून चाकं बघणाऱ्या माणसाच्या हातात तो लागतोच. ते काम बायको करते, आणि तिचं “डावीकडे, अजून, बास” इंजिनाच्या आवाजात ओरडून ऐकवण्यापेक्षा रेडिओवर शंभरपट बरं.

रेडिओ आम्ही जीएमईचा घेतला. युनिडेन आणि ओरिकॉमही पाहिले, तेही चांगले आहेत. ठरलं ते एका गोष्टीवरून. प्राडोच्या डॅशबोर्डात रेडिओचा खोका बसवायला जागा नाही. त्यामुळे सगळी बटणं आणि स्क्रीन हातातल्या माइकवर असलेला प्रकार घेतला, मूळ खोका सीटखाली गेला. चॅनेल बदलायला चालवणाऱ्याला वाकावं लागत नाही आणि शेजारी बसलेल्यालाही माइक हातात घेऊन आकडा वाचता येतो. इथल्या वाहतूक नियमांत गाडी चालवताना फोन हातात धरायला बंदी आहे, पण मोबाइल फोनच्या व्याख्येत सीबी रेडिओ येत नाही. तरी वळणावळणाच्या घाटात माइक शेजारच्याकडेच असावा.

आता अँटेना. दुकानात गेलात की काठ्यांवर आकडे दिसतील: २.१ डीबीआय, ३, ६.६, ९. याला गेन म्हणतात, डीबीआय हे त्याचं माप. बघणाऱ्याला वाटतं, मोठा आकडा म्हणजे जास्त ताकद. पण ५ वॉट म्हणजे ५ वॉट. अँटेना त्यात भर घालत नाही, आहे ती ऊर्जा कुठल्या दिशेला पाठवायची एवढंच ठरवते. कमी गेनच्या काठीभोवती लहरी मेदूवड्यासारख्या पसरतात, बाजूला आणि बऱ्यापैकी वर-खालीही. गेन वाढवत गेलात की तो वडा दाबला जाऊन थालीपीठ होतं: लांबवर पसरलेलं, पण चपटं. सपाट मैदानात थालीपीठच हवं. ६.६ डीबीआयची काठी २.१ च्या तुलनेत आडव्या दिशेला जवळपास तिप्पट जोर लावते.

डोंगरात मात्र समोरची गाडी आडव्या रेषेत नसते. ती दोनशे मीटर वर असते नाहीतर दरीत खाली. त्यात तुमची स्वतःची गाडी चढावर नाक वर करून उभी असते, म्हणजे गाडीबरोबर ते थालीपीठही कलंडतं. त्याचा पुढचा काठ आभाळात आणि मागचा जमिनीत. एका चढावर क्लबच्या ताफ्यात आमच्या पुढे लांब काठीवाली गाडी होती आणि मागे आखूड काठीवाली. खाली ओढ्याजवळ थांबलेल्या शेवटच्या गाडीचं बोलणं लांब काठीवाल्याला तुटक ऐकू येत होतं, आखूड काठीवाल्याला स्वच्छ. एका प्रसंगावरून सिद्धांत मांडता येत नाही, जागा थोडी इकडेतिकडे झाली तरी चित्र बदलतं. पण क्लबातल्या जुन्या मंडळींनी हेच सांगितलं होतं आणि अँटेनाचं शास्त्रही तेच सांगतं.

म्हणून आम्ही एकाच बुडावर बदलता येणाऱ्या दोन काठ्यांचा संच घेतला. डोंगरासाठी आखूड २.१, आणि मोकळ्या मुलखासाठी लांब ६.६. काठी उघडून दुसरी फिरवून बसवायला दोन मिनिटंही लागत नाहीत. फक्त मैदानातच फिरणार असाल तर ६.६ एकटी पुरे. डोंगर आणि मैदान दोन्ही असेल आणि एकच घ्यायची असेल, तर मधली घ्या. ९ डीबीआयच्या उंच काठ्या सरळसोट, सपाट रस्त्यांवर फिरणाऱ्यांच्या कामाच्या. हाय कंट्रीत त्यांचा मोह नको.

जागेचा प्रश्न याहून किचकट. रेडिओच्या दृष्टीने सगळ्यात उत्तम जागा म्हणजे टपाचा मध्य. चहूबाजूंनी पत्रा, आणि उंचीही मिळते. पण हाय कंट्रीतल्या निलगिरीच्या फांद्या वाटेवर इतक्या खाली येतात की टपावरची काठी पहिल्याच दिवशी तुटायची, आणि शहरातल्या तळघर-पार्किंगमध्ये गाडी घालता येत नाही ते वेगळंच. त्यामुळे इथे बहुतेक जण बुलबारवर, म्हणजे गाडीच्या नाकापुढच्या धातूच्या मजबूत चौकटीवर, अँटेना लावतात. बुलबारवर अँटेनाखाली पत्र्याचा सपाट विस्तार नसतो, म्हणून घेताना ती ‘ग्राउंड इंडिपेंडंट’ आहे का ते विचारायलाच हवं. साधी, पत्र्याच्या आधारावर चालणारी काठी तिथे लावली तर ती धड काम करत नाही. इथे चालक उजवीकडे बसतो, म्हणून आम्ही अँटेना डाव्या टोकाला घेतली. जाडजूड काठी नजरेच्या रेषेत असली की वळणावर त्रास होतो.

इथल्या कच्च्या रस्त्यांवर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या असतात, त्यांना कॉरुगेशन्स म्हणतात. तासन्‌तास त्यावरून गेलं की जड फायबरग्लासची काठी ब्रॅकेट कापून टाकते. लांब काठीला बुडाशी स्प्रिंग हवीच, आणि ब्रॅकेट चांगल्या जाड पत्र्याचं. हे पैसे वाचवायची जागा नव्हे.

भोक पाडायच्या आधी आम्ही ब्रॅकेट क्लॅम्पने तात्पुरतं धरून एसडब्ल्यूआर मोजला. रेडिओकडून निघालेली ऊर्जा अँटेना किती बाहेर टाकते आणि किती परत पाठवते, त्याचा हा आकडा. १ म्हणजे आदर्श. १.५ ला साधारण ४ टक्के ऊर्जा परत येते, ३ ला तब्बल २५ टक्के, आणि सतत तसं चालवलं तर रेडिओलाही धोका. मीटर क्लबातल्या मित्राचा होता. जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या सीबीसाठी बनवलेला मीटर इथे चालत नाही, यूएचएफचाच लागतो. गाडी मोकळ्या जागेत, भिंतीपासून लांब उभी केली, बॉनेट आणि दारं बंद केली, मग खालचा, मधला आणि वरचा असे तीन चॅनेल तपासले. पहिल्या जागी, एलईडी दिव्याच्या अगदी शेजारी, आकडा २.२ आला. ब्रॅकेट एक वीतभर बाहेर सरकवलं, १.४. दिव्याचा धातूचा खोका अँटेनाला खेटून होता, एवढंच कारण. तिथेच खूण केली आणि ड्रिल चालवलं.

केबलबद्दल फार लोक विचार करत नाहीत, पण करायला हवा. अँटेनाबरोबर येणारी बारीक कोॲक्स केबल (मधे तार, भोवती जाळी) साधारण पाच मीटरची असते आणि या फ्रिक्वेन्सीला तेवढ्या लांबीत तिसेक टक्के ऊर्जा वाटेतच जिरते. म्हणून जास्तीची केबल सीटखाली गुंडाळून न ठेवता कापली आणि टोकाला पीएल-२५९ कनेक्टर नव्याने सोल्डर केला. यात एक बारीक काम आहे. बाहेरच्या जाळीची एखादी केसाएवढी तारही मधल्या पिनेला लागली तर सगळं शॉर्ट. दुसरं टोक मोकळं ठेवून मल्टिमीटर पिनेला आणि बाहेरच्या कड्याला लावायचा; बीप वाजता कामा नये.

वीज थेट बॅटरीवरून घेतली, फ्यूज बॅटरीजवळच. सिगारेट लायटरच्या सॉकेटवरूनही रेडिओ चालतो, पण खड्ड्यात प्लग हलला की बोलणं तुटतं. आणखी एक तपासणी करा: इंजिन सुरू ठेवून एलईडी लाइटबार लावा, दुसऱ्या बॅटरीचा चार्जर चालू करा, आणि रेडिओ खरखरतो का ते ऐका. आमचा लाइटबार खरखर करत होता. त्याच्या वायरीवर खरखर अडवणारे फेराइटचे मणी चढवले, वायर अँटेनाच्या केबलपासून लांब नेली, तेव्हा आवाज गेला.

हे सगळं कशासाठी, ते ब्लू रॅगच्या कड्यावर कळतं. ही वाट जवळजवळ १,७०० मीटर उंचीवर डोंगराच्या धारेवरून जाते, दोन्ही बाजूंना उतार, आणि बऱ्याच ठिकाणी दोन गाड्या एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. चढायच्या आधी खालून चॅनेल १० वर सांगायचं: “तीन गाड्या वर येतायत.” वरून उत्तर आलं, “आम्ही दोघं उतरतोय, रुंद जागेवर थांबतो.” धारेवर समोरासमोर येऊन कुणालातरी उलट्या गिअरमध्ये मागे जावं लागण्यापेक्षा हे एक वाक्य किती मोलाचं आहे ते तिथे उभं राहिल्यावरच समजतं. सिम्पसनच्या वाळवंटातही वाळूच्या टेकडीपलीकडचं दिसत नाही. तिथे उंच झेंडा लावतात आणि चॅनेल १० वरच पुकारतात.

चॅनेलांचे रिवाज पाठ करून ठेवा. हायवेवर ट्रकवाले ४० वर असतात, फोर-व्हीलवाले १० वर, कॅरव्हॅनवाले १८ वर. ५ आणि ३५ फक्त आणीबाणीसाठी, तिथे गप्पा मारणं कायद्याने बंद आहे. २२ आणि २३ वर तर बोलायचंच नाही, ते डेटासाठी आहेत. जंगलातल्या फाट्यांवर लाकडाचे ट्रक कुठल्या चॅनेलवर आहेत याची पाटी असेल तर ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. भरलेला ट्रक उतारावर तुमच्यासाठी थांबू शकत नाही.

आणि यूएचएफला जीवनदोरी समजू नका. डोंगर आडवा आला की तो संपला. आमच्या गाडीत ४०६ मेगाहर्ट्झचा पीएलबी, म्हणजे संकटात मदत मागायचा बीकन असतो, एएमएसए या ऑस्ट्रेलियाच्या सागरी सुरक्षा संस्थेकडे फुकट नोंदवलेला. त्याचा संदेश उपग्रहाकडे जातो.

पुण्याच्या भाच्याने जिम्नी ही छोटी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतली तेव्हा त्याला इथलाच रेडिओ पाठवून हवा होता. मी नाही म्हटलं. भारतात ४७७ मेगाहर्ट्झ असा कुणालाही खुला नाही. २०१८ पासून तिथे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी ताकदीचे संच विनापरवाना चालतात, ताफ्यातल्या लागोपाठच्या गाड्यांना तेवढे पुरतात. घेताना त्यावर सरकारी मान्यता आहे का ते बघायचं. त्याहून लांब बोलायचं असेल तर हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षा. तो आता तिचाच अभ्यास करतोय. पास झाला की १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ वापरता येईल, आणि त्याला मी टपावर मधोमध साधी, लहरीच्या लांबीच्या पाव मापाची, अर्ध्या मीटरची काठी लावायला सांगितलंय. सह्याद्रीचे घाटही उभेच आहेत, तिथे उंच गेनची अँटेना काय करायची?