आधी परतीची बोट : आईल रॉयलच्या पहिल्या मुक्कामी ट्रेकची तयारी

गेल्या ऑगस्टअखेरीस मी आणि माझी धाकटी बहीण आईल रॉयलला पाच दिवस, चार रात्री पाठीवर बिऱ्हाड घेऊन राहून आलो. अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधल्या लेक सुपीरियर या प्रचंड तलावातलं हे लांबट बेट सुमारे 72 किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त 14 किलोमीटर रुंद आहे. मोडतं अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, पण मिनेसोटा आणि कॅनडाचा किनारा त्याला जास्त जवळ. 1940 पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे मोटार नाही, सायकलही नाही. पायी फिरायचं, नाहीतर होडीने.

सह्याद्रीत आम्ही दोघी पुष्कळ हिंडलोय, पण गडावर एखादा मुक्काम झाला तर झाला. पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी मिळायची आणि एक एसटी चुकली तरी दुसरी यायची. त्यामुळे चालण्याची भीती नव्हती. बेटावर जायचं म्हणजे काय बदलतं, हे मात्र तयारीला लागेपर्यंत मला कळलं नव्हतं.

माझा पहिला बेत असा होता : बेटाच्या पाठीच्या कण्यासारखी जी ग्रीनस्टोन रिज आहे, ती अख्खी चालायची. साधारण 65 किलोमीटर, चार दिवसांत. नकाशावर रेघ मारून मी तो बहिणीला पाठवला. तिचा लगेच फोन आला. "ताई, आपण मिशिगनच्या किनाऱ्यावरून, कॉपर हार्बरहून बोट धरणार. ती उतरवणार रॉक हार्बरला, पूर्वेच्या टोकाला. तुझी रेघ संपते विंडिगोला, पश्चिमेच्या टोकाला. मग गाडीपाशी परत कसं यायचं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. बेटाला वळसा घालून दोन्ही टोकं जोडणारी बोट आहे, पण ती मिनेसोटातल्या ग्रँड पोर्टेजहून येते आणि तिचे वार ठरलेले असतात. ते आमच्या परतीच्या बोटीशी जुळेनात. त्या रात्री मी नकाशा बाजूला ठेवला आणि फक्त बोटींची वेळापत्रकं घेऊन बसले. कॉपर हार्बरहून साडेतीन तास लागतात. मिशिगनमधल्याच हॉटनहून उद्यानाची स्वतःची बोट जाते, तिला सहा तास. सीप्लेनही आहे, पण त्यात स्टोव्हचं इंधन नेऊ देत नाहीत, ते बेटावरच विकत घ्यावं लागतं. ग्रँड पोर्टेजहून जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं : मिनेसोटाचं घड्याळ बेटाच्या घड्याळापेक्षा एक तास मागे असतं. 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल उद्यान पूर्ण बंद असतं, आणि जून-जुलैत डास आणि काळ्या माश्या फार. म्हणून आम्ही ऑगस्टअखेर धरली, जाण्यायेण्याच्या बोटीची तिकिटं काढली, आणि मगच चालायचं कुठे याचा विचार सुरू केला. पहिल्यांदा जाणाऱ्या कुणालाही मी हाच क्रम सांगेन. परतीच्या बोटीपासून मागे मागे येत दिवस भरायचे.

असं मागून भरत आल्यावर बेत एकदम लहान झाला. शेवटची रात्र धक्क्याजवळ, रॉक हार्बरलाच काढायची, म्हणजे बोटीच्या दिवशी सकाळी मैलोगणती धावपळ नको. पहिल्या दिवशी बोटीतून उतरल्यावर फक्त थ्री माइल कॅम्पग्राउंडपर्यंत, म्हणजे साधारण साडेचार किलोमीटर. दुसऱ्या दिवशी पुढे सात किलोमीटरवर डेझी फार्म, आणि तिथे सलग दोन रात्री. मधल्या दिवशी जड सॅक तंबूत ठेवून माउंट ओजिब्वेचा मनोरा बघून यायचा. चौथ्या दिवशी रॉक हार्बरला परत. सगळं मिळून तीसेक किलोमीटर. मला थोडी खंत वाटली होती, अख्खं बेट पार करायचं मनात होतं ना. पण हा बेत आमच्या पायांना झेपणारा होता.

उद्यानाचं शुल्क माणशी दिवसाला 7 डॉलर, ते घरूनच भरलं. सहापर्यंत माणसं असतील तर जागेचं आरक्षण नसतं. पोचल्यावर रेंजर नियम समजावून सांगतात, तुमचा बेत लिहून घेतात आणि परवाना देतात. काही कॅम्पग्राउंडवर लाकडी निवारे आहेत, पुढून जाळी लावलेले, पण जो आधी पोचेल त्याला ते मिळतात. त्यांच्या भरवशावर तंबू घरी ठेवायचा विचार आमच्या मनात आला होता. तो आम्ही सोडून दिला, ते बरं झालं. डेझी फार्मला आम्ही पोचलो तेव्हा एकही निवारा रिकामा नव्हता.

सर्वात जास्त वेळ मी पाण्यावर घालवला. दुकानात मला अतिनील किरणांनी पाणी शुद्ध करणारी पेनासारखी वस्तू दिली होती, हलकी आणि झटपट. घरी येऊन उद्यानाच्या सूचना वाचल्या, तेव्हा कळलं की इथे तेवढ्याने भागत नाही. बेटावर लांडगे आहेत आणि मूस, म्हणजे अवाढव्य हरणं, आहेत. लांडग्याच्या आतड्यात एक बारीक फीतकृमी असतो, त्याची अंडी विष्ठेतून पाण्यात जातात, ते पाणी मूस पितो, त्याच्या फुप्फुसात गाठी होतात, आणि असा मूस लांडग्याने खाल्ला की चक्र पुन्हा सुरू. मूसच्या जागी माणूस आला तर गाठी माणसाला होतात. या अंड्यांवर किरणांचा किंवा औषधाच्या गोळ्यांचा भरवसा धरता येत नाही. पाणी किमान एक मिनिट खळखळ उकळायचं, नाहीतर 0.4 मायक्रॉन किंवा त्याहून बारीक गाळणीतून गाळायचं. मी ते पेन परत केलं आणि गाळणी घेतली. आतल्या तळ्यांमध्ये कधीकधी विषारी शेवाळ पसरतं, ते विष गाळून किंवा उकळूनही जात नाही. आमचे सगळे मुक्काम सुपीरियरच्या काठावर होते याचा इथे फायदा झाला.

या लांडग्यांनी मला वेडच लावलं. 1940 च्या दशकाच्या शेवटी ते गोठलेल्या तलावावरून चालत बेटावर आले असं मानतात. 1958 पासून इथे लांडगे आणि मूस यांचा अभ्यास अखंड चालू आहे. 2018 मध्ये फक्त दोन लांडगे उरले होते. मग त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी मिळून 19 लांडगे बाहेरून आणून सोडले. आम्हाला एकही दिसला नाही. पण आपण पीत असलेल्या पाण्याच्या नियमामागे त्यांचं अख्खं जगणं आहे, हे गाळणी दाबताना दर वेळी आठवायचं.

सॅकचं वजन पहिल्यांदा भरलं सोळा किलो. ती घेऊन इमारतीचे जिने चढले, तर तिसऱ्या फेरीला खांदे भरून आले. डाळ-तांदूळ काढले, कारण शिजायला फार गॅस जातो. त्याऐवजी फोडणी घालून भाजलेला रवा, पातळ पोहे, मेतकूट, शेंगदाण्याची चिक्की आणि प्रत्येक जेवणाची वेगळी पुडी. बहुतेक ठिकाणी शेकोटीला परवानगी नाही, म्हणून छोटा गॅसचा स्टोव्ह लागतोच. दुसरी जीन्स, जाड टॉवेल, निम्मे कपडे काढले. वजन बारा किलोवर आलं. एका दिवसाचं जास्तीचं खाणं मात्र बहिणीने काढू दिलं नाही. "धुकं पडलं आणि बोट आली नाही तर?" यावर तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

पहिल्याच दिवशी कळलं की नकाशावरचे किलोमीटर इथे फसवे असतात. थ्री माइलकडे जाणारी किनाऱ्याची वाट म्हणजे तिरपे खडक आणि झाडांची मुळं. साडेचार किलोमीटरला आम्हाला जवळजवळ अडीच तास लागले. येताना टोबिन हार्बरच्या बाजूची वाट धरली, ती पायाला खूपच मऊ. पुन्हा जाईन तेव्हा भरलेल्या सॅकने जाताना तीच घेईन. डेझी फार्मच्या अलीकडे तांब्याच्या जुन्या खाणीचे अवशेष लागतात. वाटेत थिंबलबेरी पिकलेल्या होत्या, आंबटगोड आणि बोटांनी धरताच विरघळणाऱ्या. ओजिब्वेच्या मनोऱ्यावरून दोन्हीकडे सुपीरियर दिसतो आणि पलीकडे कॅनडा. तिथे आम्ही तासभर नुसत्या बसून होतो. मधला रिकामा दिवस ठेवला नसता तर हा तास मिळाला नसता.

बेटावर अस्वलं नाहीत, पण कोल्हे बूट पळवतात. बूट रात्री तंबूच्या आत घ्या. फोनला सिग्नल नाही, म्हणून घरच्यांना परतीची तारीख आणि पूर्ण बेत कागदावर लिहून दिला होता.

पाचव्या दिवशी सकाळी रॉक हार्बरच्या धक्क्यावर खरंच धुकं होतं. पलीकडची बेटंही दिसत नव्हती. बोटीची वेळ झाली, टळली, कुणालाच नक्की सांगता येईना. बहिणीने काही न बोलता सॅकच्या तळातून जास्तीच्या दिवसाची पुडी काढली, गाळलेलं पाणी पोह्यांवर शिंपडलं, मेतकूट कालवलं आणि डबा माझ्यापुढे सरकवला. आम्ही निम्मे संपवले होते तेव्हा धुक्यातून भोंगा ऐकू आला.