'फेलिंग विच' लिहिलेली तारीख

वाटपाच्या दाव्यात मावशी प्रतिवादी. कोर्ट बसायच्या आधी वकील बदलायला जुन्या वकिलांची नाहरकत आणि कागदांची पिशवी घेऊन त्या माझ्या टेबलाशी आल्या. कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर, अजून दाखलच नव्हती. पुतण्याने मोबाइलवर केस उघडली. "वकीलबाई, मागेही 'लास्ट चान्स' लिहिलं होतं, तरी तारीख मिळाली. आजही मिळेल ना?"

मी आदेश शब्दन् शब्द वाचला. आधीच्या तारखांना नुसतं 'लास्ट चान्स' होतं. या वेळी 'लास्ट अँड फायनल ऑपॉर्च्युनिटी', पुढे उशिरापायी पाचशे रुपये कॉस्ट आणि मग 'फेलिंग विच', म्हणजे 'तसं न केल्यास'. पक्षकार 'लास्ट' आणि 'फायनल' यांत फरक शोधत बसतात. माझ्या मते तिथे फारसं काही नाही. नुसत्या 'लास्ट चान्स'नंतर मुदतीचा अर्ज देऊन न्यायाधीशांना पटवायला जागा असते. 'फेलिंग विच' आलं की तारीख चुकल्यावर काय होणार, तेही त्याच आदेशात ठरलेलं असतं. इथे दावा कैफियतीविना पुढे चालणार होता, म्हणजे नो डब्ल्यूएस (रिटन स्टेटमेंट, कैफियतच). जमिनीचं वाटप पूर्वीच झालंय, हा मावशींचा सगळा बचाव. तो कैफियतीत नसेल तर पुरावा कशाचा देणार? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 8 प्रमाणे अशा वेळी नुसत्या दाव्यातल्या मजकुरावर निकालही देता येतो.

कैफियत द्यायचे नव्वद दिवस कधीच उलटले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या 'कैलाश विरुद्ध नन्हकू' या 2005 च्या निकालामुळे साध्या दिवाणी दाव्यात ती मुदत वाढवता येते, पण सबळ कारण लागतं. (व्यापारी दाव्यात 120 दिवसांनंतर दार बंदच.)

पुतण्याला आधी कॉस्ट भरायला पिटाळलं. कलम 35-ब प्रमाणे ती भरल्याशिवाय बचाव पुढे चालवता येत नाही. तोवर फेरफार आणि सातबारा समोर ठेवून कैफियत टाइप करून घेतली, मावशींना वाचून दाखवली, त्यांचा अंगठा घेतला. वाचताना त्या एकदाच मध्ये बोलल्या, बांधाची दिशा चुकली होती म्हणून. ती दुरुस्त केली.

पुकारा झाला. वादीच्या वकिलांनी उशिराची हरकत घेतली. मी कॉस्टची पावती पुढे केली आणि आदेशातली तीच ओळ वाचली. तिच्यातली मुदत आजचीच होती. कैफियत रेकॉर्डवर आली. पुढची तारीख वादाचे मुद्दे काढायला पडली. पूर्वी वाटप झालं होतं का, हे शाबीत करायचा भार आता आमच्यावर आहे, आणि फेरफाराची जुनी नोंद तलाठी कार्यालयातून काढायची आहे.