डूलॅली : आपल्या गावाचा शब्द

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत बहुतेक जण मैदानाबद्दल, स्नेहसंमेलनांबद्दल लिहितील. मला मात्र एका इंग्रजी शब्दाबद्दल लिहायचं आहे. तो आपल्या देवळालीचा आहे आणि मला तो या शाळेत मिळाला.

नववीत इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘डूलॅली’. कोशात अर्थ सापडला : वेडसर, डोकं फिरलेला. मग सर म्हणाले, "आता गोऱ्या शिपायाच्या तोंडानं ‘देवळाली’ म्हणून बघा." तास संपेपर्यंत आम्ही तेच म्हणत होतो.

पुढची हकिगत सरांनी सांगितली तेव्हा वर्ग गप्प झाला. १८६० च्या दशकात इंग्रजांनी इथे छावणी उभारली. हिंदुस्थानातली मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणारी बोट मिळेपर्यंत इथे थांबत. पण सैनिकांच्या बोटी सुटायच्या त्या थंडीच्या हंगामात, साधारण ऑक्टोबर ते मार्च. हंगामातली शेवटची बोट हुकली की अख्खा उन्हाळा आणि वर पावसाळा इथेच काढायचा. हाताला काम नाही, कवायत नावापुरती, आणि जीव सगळा घराकडे लागलेला. कुणी दारूच्या आहारी जाई, कुणी मारामारी करून कोठडीत, कुणाला मलेरिया गाठी. अशा माणसाला सोबती म्हणत, याला ‘डूलॅली टॅप’ झालाय. टॅप म्हणजे हिंदुस्थानीतला ‘तप’, आपला ताप. पुढे टॅप गळून पडला, गावाचं नाव तेवढं उरलं.

याच देवळालीच्या हवेसाठी मुंबईची पारशी, गुजराती कुटुंबं सॅनेटोरियममध्ये येऊन राहत. हवा तीच, पण स्वखुशीनं आलेल्याला ती मानवते, अडकून पडलेल्याला नाही.

नोकरीनिमित्त मी काही वर्षं इंग्लंडमध्ये होतो. तिथे लोक हा शब्द आजही सर्रास, हसत हसत वापरतात. त्यामागे एक खरं गाव आहे हे माझ्या कचेरीत कुणालाच ठाऊक नव्हतं. मी ते प्रत्येकाला सांगितलं, बराकींसकट. त्या पोरसवदा शिपायांची कुचंबणा कुणीतरी सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं, आणि ती सांगायला आपल्याइतकं जवळचं कोण आहे?

म्हणून संयोजकांना एक विनंती. ग्रंथालयात या शब्दाची हकिगत मराठी आणि इंग्रजीत लिहून लावावी. फलकाचा खर्च मी देईन.