काटकीला डोळा असतो तेव्हा

मादागास्करपर्यंत येऊन हा माणूस लेमूर सोडून साप मागतोय म्हटल्यावर गाईडने मला एकदा नीट न्याहाळून घेतलं. अंकाराफांत्सिकाच्या पानगळीच्या जंगलात गाईडशिवाय शिरता येत नाही. लेमूर काय, सकाळी तंबूच्या डोक्यावरच उड्या मारत होते. मला हवा होता लांगाहा. या प्रजातीत जाती अवघ्या तीन, आणि तिन्ही या बेटाबाहेर कुठेच नाहीत.

दोन-अडीच तास चाललो असू. गाईड थांबला, बोट वर केलं. ‘बिबिलावा.’ मलागासीत साप म्हणजे बिबिलावा, शब्दशः ‘लांब जनावर’. मला हसूच आलं. आमच्या गावाकडेही सापाचं नाव न घेता ‘लांबडं’ म्हणतात.

बायकोला लगेच दिसला. मला काटकीच दिसत होती, फक्त टोक जरा जास्त अणकुचीदार. मग त्या टोकामागे डोळा दिसला. नर होता. पाठ तपकिरी, पोट पिवळं, नाकावर भाल्यासारखं टोक, लांबी जेमतेम मीटरभर. मादीच्या नाकावर याऐवजी कातरलेल्या कडांचं पान असतं आणि अंग सालीसारखं राखाडी; शेजारी ठेवले तर जोडपं वाटणार नाही. आमचा नर तोंड खाली सोडून लोंबत होता, खालून जाणाऱ्या सरड्याच्या आशेवर. वारा आला तसा वेलीसारखा झुलला. कॅमेऱ्याचा फोकस दर वेळी मागच्या पानांवर जाऊन बसायचा. चाळीस फोटोंतले सदतीस पानांचे आहेत.

दुपारी भात खाताना फांद्रेफियालाचा विषय निघाला. हा लांगाहाचा लांबचा भाऊबंद. लोक सांगतात, तो झाडावरून आधी दोन-तीन पानं टाकून नेम बघतो, मग शेपटी खाली करून भाल्यासारखा कोसळतो आणि गुराला, माणसाला भोसकतो. खरं तर या बेटावर जमिनीवर नाग, मण्यार, घोणस यांच्या कुळातलं काहीच नाही. लांगाहाचे विषदात मागे. चावला तर दुखतं, जीव जात नाही.

मी त्याला आपल्या हरणटोळाबद्दल सांगितलं. तो टाळू फोडतो म्हणून आजी आम्हाला उघड्या डोक्याने करवंदाच्या जाळीत जाऊ द्यायची नाही.

‘तो आधी पानं टाकतो का?’ गाईडने गंभीरपणे विचारलं.

‘नाही.’

‘मग नेम चुकत असणार.’