पॅसेजमधे नसलेली उत्तरं

इंग्लिश टीचर भरतीची तयारी चालूये. मला वाटलं होतं ग्रामर रडवेल, पेडागॉजी म्हणजे शिकवण्याच्या पद्धतींचा भाग रडवेल, पण रीडिंग कॉम्प्रिहेन्शन म्हणजे हातचे मार्क, रोज इंग्लिशच तर शिकवते मी, उतारा वाचायचा नि टिक करायचं, त्यात काय एवढं. पहिल्या सराव पेपरात 10 पैकी 5. दुसऱ्यातही 5 च.

मग चुकलेले प्रश्न घेऊन बसले. एक उतारा होता मुलांच्या चुका दुरुस्त करण्यावर, त्यात म्हटलेलं की बोलता बोलता लगेच चूक दाखवली तर काही मुलं बुजू शकतात. इंग्लिशमधे 'मे' आणि 'सम', दोनच बारके शब्द. ऑप्शन होता, चुका लगेच दुरुस्त करूच नयेत असं लेखकाचं म्हणणं आहे, आणि मी बेधडक तोच टिक केला कारण ते माझं म्हणणं आहे! लेखक बिचारा एवढं कुठे बोललाच नव्हता. उतारा शिक्षणावरचा आला की आपल्याला मधे तोंड घातल्याशिवाय राहवत नाही, हा खरा घोळ.

म्हणून आता एकच नियम, प्रत्येक उत्तराशेजारी ओळीचा नंबर लिहायचा. नंबर सापडला नाही तर ते उत्तर माझ्या डोक्यातलं, खोडा. इन्फरन्सच्या, म्हणजे उताऱ्यावरून अनुमान काढायच्या प्रश्नाला सरळ ओळ मिळत नाही, तिथे दोन ओळी जोडून जे निघेल तेवढंच घ्यायचं, बाहेरून तिसरं काही आणावं लागलं की तो ऑप्शन गेला. ऑप्शनमधे ऑलवेज, नेव्हर, ओन्ली दिसलं की संशय घ्या म्हणतात ते ठीके, पण लेखकानेच नेव्हर म्हटलं असेल तर तेच बरोबर, आंधळेपणाने काटायचं नाही.

शब्दार्थात पण आपटले. 'शी स्पोक विथ ग्रेट इकॉनॉमी' म्हणजे ती मोजकंच बोलली, पैशापाण्याचा काही संबंध नाही, पण पैशाचा अर्थ पहिल्याच ऑप्शनला ठेवलेला आणि मी गेले. 'ओव्हरसाइट' तर देखरेख पण आणि नजरचूक पण, आता सांगा नुसती यादी पाठ करून काय होणार? त्यामुळे हल्ली तो शब्द बोटाने झाकते, मागचंपुढचं वाक्य वाचते, तिथे आपला एखादा साधा शब्द बसवते आणि मगच ऑप्शन बघते.

आधी प्रश्न वाचायचे की आधी उतारा यावर लोक भांडत बसतात, मला तरी काही फरक पडला नाही.

कालच्या पेपरात 8 आले. चुकलेल्या दोनपैकी एकात प्रश्नातला 'नॉट' वाचलाच नव्हता, शेजारी ओळीचा नंबर मात्र अगदी बरोबर लिहिलेला.