गट क्रमांक पाच

माझ्या बोर्डिंग पासवर '२२ई' असं छापलेलं असतं. बाविसावी रांग, मधली सीट. ती माझ्याशिवाय कुणाचीही नाही. चुकून कुणी बसलंच तर पास दाखवून उठवता येतं. मी सगळ्यात शेवटी गेले तरी ती मोकळीच असणार, कारण मधल्या सीटवर डोळा ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. हे सगळं मला पक्कं ठाऊक आहे. तरीही गेटवरच्या बाईंनी माइक उचलून नुसता घसा खाकरला, की माझे पाय मला न विचारता उठतात आणि रांगेत जाऊन उभे राहतात.

ताई उठत नाही. माझ्या या मोठ्या बहिणीचा नोकरीपायी इतका प्रवास झालाय की विमान कंपनीने तिला एक चंदेरी कार्ड देऊन टाकलंय. विमानात गटागटाने सोडतात, आणि त्या कार्डावर ती दुसऱ्या गटात आत जाऊ शकते, एक बॅग जास्त नेऊ शकते, आणि तिच्या बॅगेला 'प्रायॉरिटी' लिहिलेला भडक टॅग लागतो. मी पाचव्या गटात. तिकिटं आम्ही आपापली काढतो, त्यामुळे तिच्या कार्डाची सावलीही माझ्यावर पडत नाही. आता जिला आधी जायचा हक्क आहे ती पुस्तकात डोकं खुपसून बसलेली, आणि जिला नाही ती दोरीला चिकटून उभी!

"अगं बस की," ती मान वर न करता म्हणते. "तुला टाकून विमान जातंय होय?"

"जागा भरतात गं."

"तुझी ठरलेली आहे ना?"

"सीट नाही म्हणत मी. वरची जागा."

"वरची जागा सगळ्यांचीच ठरलेली असते. तिच्यासाठी रांग कशाला?"

विनोद जुना असला तरी मुद्दा तिथेच आहे. विमानात सीटला नंबर असतो, सामानाला किलो ठरलेले असतात, माणसालासुद्धा गट असतो. डोक्यावरच्या कप्प्याला मात्र काहीच नसतं. तो ज्याचा हात आधी पोचेल त्याचा. आम्ही रांगेत उभे असतो ते त्या कप्प्यातल्या दीड वीत रुंदीसाठी. बसायची चिंता आमच्यापैकी कुणालाच नसते.

हे असं पहिल्यापासून नव्हतं. चाकांच्या सूटकेसचं पेटंट बर्नार्ड सॅडो यांना मिळालं १९७२ साली, म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतर. त्या बॅगेला पट्टा बांधून ती कुत्र्यासारखी मागे ओढायची. पुढे १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ नावाच्या वैमानिकाने ती उभी केली, दोन चाकं आणि आत सरकणारा दांडा लावला. ही बॅग आधी वैमानिक आणि केबिन क्रूच्या हातात दिसली, मग त्यांना बघून सगळ्यांनाच हवीशी झाली. तरी मोठं सामान काउंटरवर देऊन मोकळं व्हायची रीत होती, कारण ते तिकिटातच धरलेलं असायचं. २००८ मध्ये इंधन भडकलं आणि अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्याच चेक-इन बॅगेला पैसे लावले. बाकीच्यांनी थोडे दिवस नाकं मुरडली आणि मग एकेक करत तेच केलं. लोकांनी काय केलं असेल? घरातली सगळ्यात मोठी 'छोटी बॅग' शोधली, ती गच्च भरली आणि सोबत आत न्यायला सुरुवात केली. कप्पे भरायला लागले. कप्पे भरतात म्हणून रांग लागायला लागली. आणि रांग आहे म्हटल्यावर रांगेत पुढे जायचा हक्क विकायला काढता आला. ज्याने खोकला दिला तोच आता चाटण विकतोय, आणि मी दोन्हीचं गिऱ्हाईक आहे.

विमानं बनवणाऱ्यांनीही हे ओळखलं. बोईंगने ७३७साठी नवे कप्पे काढले. त्यांत बॅग आडवी न टाकता फडताळातल्या पुस्तकासारखी उभी ठेवायची. जिथे चार मावायच्या तिथे सहा मावतात. आता तिथे पोचेपर्यंत आपल्या पुढच्या गृहस्थांनी आपलीच आडवी टाकून, तिच्यावर कोटाची सुबक घडी ठेवलेली नसावी, एवढीच प्रार्थना.

माझ्यासारख्यांना नावही आहे. 'गेट लाइस', म्हणजे गेटवरच्या उवा! विमानवाल्यांच्या आपसातला शब्द असणार, पण आता जगभर झालाय. आपला गट पुकारायच्या आधीच दाराशी वळवळणाऱ्यांना हे नाव. २०२४ च्या शेवटी अमेरिकन एअरलाइन्सने शंभराहून जास्त विमानतळांवर अशी सोय केली की आपल्या गटाच्या आधी पास पुढे केला तर यंत्र आवाज करतं आणि सगळ्यांदेखत माघारी फिरावं लागतं. मी मनाने त्या उवांच्या बाजूची. पण इतकं मान्य करते, की तो आवाज दुसऱ्या कुणासाठी झाला तर मलाही गुदगुल्या होतील.

ताईचं म्हणणं असं, की हा सगळा घोळ नंबर दिल्यामुळे झाला. नंबरच काढून टाका, ज्याला जिथे बसायचं तिथे बसू दे. ते तर अमेरिकेतल्या साउथवेस्ट विमान कंपनीने पन्नासहून जास्त वर्षं करून दाखवलं. पासवर सीट नाहीच, नुसतं ए, बी किंवा सी आणि एक आकडा. गेटपाशी नंबर घातलेले खांब, त्या खांबांशी आपापल्या आकड्याला उभं राहायचं आणि आत जाऊन आवडेल ती सीट धरायची. शिवाय दोन बॅगा फुकट. ऐकायला रामराज्य. पण तिथेही लोक प्रस्थानाच्या बरोबर चोवीस तास आधी घड्याळाकडे टक लावून बसायचे, कारण चेक-इन उघडल्यावर जो पहिला बोट लावेल त्याला चांगला आकडा. आणि आत शेजारच्या सीटवर पर्स ठेवून, चेहरा शक्य तितका आजारी करून बसायचे, म्हणजे तिथे कुणी येऊ नये. २८ मे २०२५ पासून त्यांनी बॅगांना पैसे लावले आणि २७ जानेवारी २०२६ पासून सीटलाही नंबर दिले. संपलं रामराज्य.

माणसं विमानात लवकर कशी चढवावीत यावर एका शास्त्रज्ञाने खरोखर डोकं चालवलंय. जेसन स्टेफन हे दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह शोधणारे गृहस्थ. २००८ मध्ये त्यांनी संगणकावर हे गणित मांडलं. २०११ मध्ये विमानाच्या खोट्या सांगाड्यात ७२ माणसं बॅगांसकट चढवून त्याची परीक्षा झाली. बारा रांगा, प्रत्येकीत सहा सीट. रांगांचे गठ्ठे पाडून एकेक गठ्ठा, अशा नेहमीच्या पद्धतीने चढवलं तर जवळजवळ सात मिनिटं लागली. स्टेफन यांच्या पद्धतीने साडेतीनच्या आसपास. त्यांची युक्ती अशी: आधी खिडकीवाले, तेही एक रांग सोडून एक, मागून पुढे. म्हणजे एकाच वेळी बरेच जण हात वर करून बॅगा ठेवू शकतात आणि कुणाचं कोपर कुणाच्या नाकात जात नाही. खरा वेळ चालण्यात जातच नाही. तो जातो एका माणसाने बॅग उचलताना वाट अडवण्यात आणि त्याच्यामागे पन्नास जणांनी छताकडे बघण्यात.

पण मला भावला तो त्यातला दुसराच निकाल. काहीच क्रम नाही, ज्याला वाटेल तो जाईल, अशी मोकाट पद्धतही पाच मिनिटांच्या आत आटोपली, म्हणजे गठ्ठ्यागठ्ठ्याने चढवण्यापेक्षा लवकर. हा निकाल मी गेटवरच्या बाईंना छापून द्यावा म्हणते. अमेरिकेतल्याच युनायटेड एअरलाइन्सने २६ ऑक्टोबर २०२३ पासून निदान आधी खिडकी, मग मधली, मग वाटेकडची, असा क्रम लावला आणि दोन मिनिटांपर्यंत वाचतात असं सांगितलं. पण तिथेही कार्डवाले, महागड्या तिकिटांवाले सगळ्यांच्या आधी जातातच. स्टेफन यांची पद्धत कितीही शहाणी असली तरी तिच्यात आधी जायचा मान कुणाला विकता येत नाही. आणि नवरा-बायको-पोर अशी तीन जणं तीन वेगवेगळ्या वेळी चढवली तर वाचलेली मिनिटं पोराच्या रडण्यात जाणार ती वेगळीच.

सीट निवडताना मी एकदाच उधळपट्टी केली. दिवसाचं उड्डाण होतं, आकाश बघू म्हटलं, आणि जास्तीचे पैसे भरून खिडकीची सीट घेतली. आत जाऊन बघते तर खिडकी नाही. पुढच्या रांगेला आहे, मागच्या रांगेला आहे, माझ्या रांगेला गुळगुळीत भिंत! एअर होस्टेसला विचारलं तर ती शांतपणे म्हणाली, इथून वातानुकूलनाची नळी जाते. बोईंग ७३७ मध्ये अशी एखादी रांग बऱ्याचदा असते. 'खिडकीची सीट' म्हणजे भिंतीकडची सीट, एवढाच त्यांच्या लेखी अर्थ. अमेरिकेत २०२५ मध्ये प्रवाशांनी याच कारणावरून दोन बड्या कंपन्यांना कोर्टात खेचल्याचं वाचलं, तेव्हा मला हक्काचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. मी त्या भिंतीला डोकं टेकून झोपले. झोप उत्तम लागली, हे कोर्टात सांगणार नाही.

तसं नंबरांचंही काही खरं नाही. लुफ्तान्साच्या विमानांत तेरावी आणि सतरावी रांग नसते, कारण कुठे तेरा अशुभ, कुठे सतरा. म्हणजे बाराव्या रांगेमागे चौदावी. त्या चौदाव्यात बसणारा मोजून तेराव्यातच बसलेला असतो, आणि निर्धास्त असतो.

तर गेल्या प्रवासातली गोष्ट. पाचव्या गटात मी पहिली. दोरीच्या अगदी तोंडाशी. चौथ्या गटातला शेवटचा माणूस बोगद्यात दिसेनासा झाला, आणि हातात टॅगचा गठ्ठा घेऊन एक तरुण कर्मचारी माझ्यासमोर येऊन हसला. ते हसू बघूनच मी समजले.

"मॅडम, वरचे कप्पे भरलेत. तुमची बॅग खाली पाठवतो. पैसे नाहीत."

ज्या कामाचे काउंटरवर पैसे मागतात, तेच इथे फुकट आणि वर विनंती करून! मी बॅग तिथेच जमिनीवर आडवी केली. पॉवर बँक काढावीच लागते, लिथियमची सुटी बॅटरी सामानाच्या पोटात चालत नाही. मग चष्मा, गोळ्या, किल्ल्या. मग वाटलं स्वेटरही असू दे. मागे रांगेचा सुस्कारा ऐकू येत होता. वाट अडवणारी ती बाई आज मी होते. त्याने टॅगचा कागद सोलला, दांड्यातून ओवला, दोन्ही चिकट टोकं एकमेकांवर दाबली आणि छोटी चिठ्ठी फाडून माझ्या पासवर चिकटवली. तिच्यावर दहा आकडे. पहिला सोडला तर पुढचे तीन विमान कंपनीचे, शेवटचे सहा फक्त माझ्या बॅगेचे. सीटच्या २२ईपेक्षा बॅगेचा पत्ता किती तरी भारदस्त होता.

स्वेटर, चष्मा आणि पॉवर बँक पोटाशी धरून मी आत बसले. सगळ्यात शेवटी ताई आली. खांद्याला पर्स, बोटात पुस्तकाचं पान. कुणालाही न ढकलता, वर न बघता, सरळ आपल्या सीटवर जाऊन बसली.

उतरल्यावर सामानाच्या बेल्टपाशी गेलो. सगळ्यात शेवटी चढवलेली म्हणून असेल, माझी बॅग पहिल्या पाच-सहांतच बाहेर आली. ताईची प्रायॉरिटीवाली येईना. दहा मिनिटं झाली, वीस झाली. शेजारचे एक गृहस्थ फोनवर कुणाला तरी सांगत होते, की एकविसाव्या दिवसापर्यंत बॅग आली नाही तर ती हरवली असं धरून भांडता येतं. नियम खरा आहे, १९९९ च्या माँट्रियल करारातच तसं लिहिलंय. पण बेल्टसमोर उभं राहून ऐकायची ती गोष्ट नव्हे. लाल रिबिन बांधलेली एक काळी बॅग तिसऱ्यांदा आमच्यासमोरून गेली.

"तू ही बॅग सोबत नेतेस," ताई ट्रॉलीच्या कडेवर टेकून म्हणाली, "ती बेल्टपाशी थांबावं लागू नये म्हणून ना?"

"हो मग."

"आणि माझी येईपर्यंत तू कुठे जातेस?"

मी गप्प. इतक्या वर्षांत हा हिशेब मी एकदाही मांडला नव्हता. तेवढ्यात पट्ट्याच्या तोंडाशी रबरी पडदे हलले आणि भडक टॅगची एक बॅग बाहेर ढकलली गेली. ताई जागची हलली नाही. मी मात्र दोन माणसांच्या मधून वाट काढत, पट्ट्याला गुडघे टेकवून, हात पुढे करून उभीसुद्धा राहिले.

बॅग दुसऱ्याच कुणाची होती.